नदीची ओटी

कुरणवाडी, १५ जुलै

सौ. नंदिनीताई यांना शालूबाईचा नमस्कार.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात हे ऋताकडून कळलं. फोन लावून लावून माझं बोट झिजलं, तेव्हाच शंका आली होती. म्हणून आता पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आधी तुमच्या लेकीची खुशाली. ऋता बरी आहे. सातवा सरत आला, पाय थोडे सुजतात, ब्लडप्रेशर जरा वर आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलंय. लोणच्याची बरणी मी फडताळात वर ठेवली, तर ही स्टूल घेऊन खाली काढते. विश्वजित फौंड्रीतून आला की तिच्या पायांना तेल लावतो. माझा मुलगा बायकोचे पाय चेपतो हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, म्हणजे तुमची लेक सासरी कशी आहे ते कळेल.

आता भांडणाचं. तुम्ही डोहाळजेवणाला आलात, लेकीला बाळंतपणासाठी न्यायला आलात, आणि लेकीशिवाय परत गेलात. सगळी भावकी मांडवात बसलेली. मी स्वतः तांब्या-भांडं घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही हात आखडता घेतलात, पिशवीतनं आपली बाटली काढलीत आणि सगळ्यांसमोर त्यातलं पाणी प्यायलात. गाडीत विकतच्या पाण्याचा अख्खा बॉक्स होता म्हणे.

ताई, तुम्ही शाळेत शिकवलेलं आहे, तुम्ही तोंडानं काही बोलला नाहीत. पण माझी आजी तुमच्यासारख्यांच्या दारात उभी राहून वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली होती. मरेपर्यंत ती ते सांगायची. आपल्या पोरांनी जात न बघता लग्न केलं तेव्हा मी तो विषय गाडून टाकला होता. तो तुमच्या बाटलीनं पुन्हा वर काढला.

मग मी बोलले. "आमचं पाणी चालत न्हाय, तर आमचं जेवाण तरी कसं चालतंय?" मोठ्यानं बोलले, आणि आज विचाराल तर पुन्हा बोलेन. तुम्ही ताटावरून उठलात. "चल ऋता," म्हणालात, तर ती "मला मळमळतंय" म्हणून आत गेली आणि कडी लावून झोपली. पोरगी शहाणी आहे. दोन विहिणींच्या मधे उभं राहण्यापेक्षा मळमळलेलं बरं.

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मलाही मान्य आहे. न्यायला या, मी अडवत नाही. पण माझ्या घरात बसून, माझ्या घरचं पाणी पिऊन मग न्या.

शालूबाई


कुरणवाडी, २२ जुलै

नंदिनीताई,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर काय सुंदर आहे हो. मजकूर मात्र चार ओळींचा. "प्रश्न जातीचा नाही, पाण्याचा आहे. तुमच्या नदीत काय काय सोडतात ते मी पेपरात वाचते. ऋताला पाठवून द्या. इथे तिला निर्मळ पाणी आणि मोकळी हवा मिळेल." आणि 'निर्मळ'च्या खाली रेघ.

पेपरवाल्यांना पानं भरायची असतात. आमच्याकडं नळयोजना आहे, टाकी आहे, टाकीत औषध पडतं. पंचगंगेचं पाणी पिऊन आमच्या पिढ्या तालमीत घुमल्या. आता नळाला कधीमधी वास येतो, तो कुठं येत नाही? गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ झाली, पण कावीळ काय शहरात होत नाही? वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आहे, त्याचं पाणी ओढ्यातनं नदीला येतं, कधी निळं, कधी जांभळं. पण गावातल्या पोरांना त्यानं काम दिलंय. आणि तुमच्या कोकणच्या समुद्रात तरी कोण अत्तर ओततं?

इथं पाऊस लागून राहिलाय. नदी पात्राबाहेर पडली, राजाराम बंधारा कधीच बुडाला. दोन दिवसांत पाणी गावाला लागेल असं सगळे म्हणतात. म्हशी हलवायची तयारी चालू आहे.

आणि एक आनंदाची गोष्ट, ती तुम्हाला कळवायलाच हवी. पुराचं पाणी म्हसोबाच्या पायरीला लागलं की आमच्या गावात नदीची ओटी भरतात. हा मान आमच्या घराचा. घरातल्या सवाशिणीनं नदीला साडी-खण वाहायचा, गहू-नारळानं ओटी भरायची, आणि मग नदीचं ओंजळभर पाणी प्यायचं. पाणी प्यायलं म्हणजे नदी आपली झाली, ती माघारी फिरते. मी वीस-बावीस वर्षं हे केलं. मालक गेले आणि मान माझ्या जावेकडं, चिमणाबाईकडं गेला. मालक गेले म्हणून नदी माझी परकी कशी झाली, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. मी दरवर्षी मागं उभी राहून बघायची.

यंदा मान परत माझ्या उंबऱ्यात आलाय. थोरल्या घरात सून आहे, सवाशीण आहे, वर पोटुशी आहे. पोटुशीनं ओटी भरली की नदी लवकर उतरते असं आमच्याकडं मानतात. चिमणाबाईनं नाक मुरडलं, पण तिचा नवरा, माझा दीर आकाराम म्हणजे गावचा कारभारी माणूस, त्यानं निकाल दिला. "थोरलं घर त्ये थोरलं घर." ऋतासाठी मी हिरवी साडी आणलीय. तुम्ही अंधश्रद्धा म्हणाल. म्हणा. तुमच्या लेकीला सगळं गाव वाट करून देईल, ते बघायला तुम्ही इथं नसाल, एवढंच वाईट वाटतं.

शालूबाई


हायस्कूलची छावणी, पेठ वडगाव, २७ जुलै

नंदिनीताई,

घाबरू नका. ऋता बरी आहे, मी बरी आहे, म्हशी बऱ्या आहेत. घरात पाणी छातीएवढं आहे. आम्ही बुधवारीच बाहेर पडलो. पत्ता बघितलात ना, आता आमचा मुक्काम आठवीच्या वर्गात.

बुधवारी काय झालं ते तुम्हाला कुणीतरी सांगेलच. लोक तिखटमीठ लावून सांगतील, त्याआधी मीच सांगते.

दुपारी पाणी म्हसोबाच्या पायरीला लागलं. बायका छत्र्या घेऊन जमल्या, हलगी वाजायला लागली. ऋता हिरव्या साडीत, मी तिचा हात धरून. पायरीपाशी गेलो तर वासानं डोळे चुरचुरायला लागले. पुराचं पाणी तांबडं असतं, ते आम्ही जन्मापासून बघतोय. हे तांबडं नव्हतं. काठाकाठानं काळपट जांभळा पट्टा, त्यावर गुडघाभर फेस, आणि फेसात पांढऱ्या पोटाचे मासे उताणे. दरवर्षी नदी फुगली की कारखान्यावाले आपल्या टाक्या मोकळ्या करतात. पुरात कुणाला काय दिसणार, म्हणून. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

ऋतानं ओटी भरली. साडी वाहिली. मग ती वाकली आणि ओंजळीत पाणी घेतलं. नाकातोंडाशी आणल्यावर तिचं तोंड वाकडं झालं, पण तिनं ओंजळ सोडली नाही. माझ्याकडं बघितलं.

"आई, पिऊ?" म्हणाली.

ताई, तुमची लेक बी.एस्सी. झालीय. त्या पाण्यात काय असतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि तरी ती माझ्या शब्दासाठी थांबली होती. मी प्यायला सांगितलं असतं तर ती प्यायली असती. माझ्या मानासाठी प्यायली असती. मला त्या क्षणी माझीच भीती वाटली.

मी तिच्या ओंजळीवर हात मारला. जोरात. पाणी सांडलं, तिची एक बांगडी फुटली. हलगी थांबली.

आकाराम पुढं आला. "वैनी, ह्ये काय केलंसा? वाडवडलांची रीत मोडलीसा."

"मोडली. त्या वंजळीत काय हुतं त्ये तुमी बघितलं न्हाईसा व्हय?"

"आता पाणी चढलं तर त्ये तुमच्या माथ्यावर."

"घेते की माथ्यावर. तुमचं तरी मोकळं ऱ्हाईल."

संध्याकाळपर्यंत पाणी गावात शिरलं. आणि ते माझ्या माथ्यावर आलं. इथं छावणीत कुणी आमच्याजवळ अंथरूण टाकत नाही. पोरं आमच्याकडं आली तर आया हाका मारून परत बोलावतात. परवा पाण्याचा टँकर आला तेव्हा मी रांगेत उभी राहिले आणि माझ्या पुढची-मागची रांग बाजूला सरकली. मी म्हटलं बरं झालं, घागर ठेवायला जागा झाली. माझ्या बाजूनं सध्या ऋता, विश्वजित आणि दोन म्हशी आहेत. तेवढ्यावर माझं भागतं.

आता एक गोष्ट. ती मी डोहाळजेवणातच सांगायला हवी होती, पण माझ्या तोंडातून निघाली नाही. त्या दिवशी तांब्यात मी तुम्हाला जे पाणी दिलं ते नळाचं नव्हतं. ऋताला दिवस गेल्यापासून मी रोज सकाळी माळावरच्या आमच्या विहिरीचं पाणी आणते. विश्वजितनं ते कोल्हापुरात तपासूनही आणलंय, स्वच्छ आहे. नळाच्या पाण्यानं आम्ही फक्त भांडी घासतो. हे मी तिथंच सांगितलं असतं तर तुम्ही भांडं हातात घेतलं असतं, भांडण झालं नसतं. पण भावकीसमोर, कोकणातून आलेल्या विहिणीसमोर, आमच्या गावचं पाणी प्यायच्या लायकीचं नाही असं मी कसं म्हणणार होते? जीभ झडली असती.

आता सगळ्यांसमोर हातानं बोलून बसलेय. जिभेनं लपवण्यात अर्थ राहिला नाही.

शालूबाई


कुरणवाडी, ५ ऑगस्ट

नंदिनीताई,

पूर उतरला. घरात गुडघाभर चिखल होता, तो काढला. कॉट वाकली, फ्रीज गेला, धान्याच्या कोठीला कोंब आले. ऋताला मी अजून आणलेली नाही, ती वडगावात माझ्या भावाकडं आहे. तुमचं दुसरं कार्ड छावणीवरून तिथं आलं. "अशा ठिकाणी माझ्या मुलीला एक दिवसही ठेवू नका." ठेवलेली नाही, बघा.

नदी माघारी गेली तेव्हा लोक म्हणायला लागले की ती माझ्यामुळं नाही, चिमणाबाईमुळं गेली. मला हे माहीतच नव्हतं. आम्ही छावणीत गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आकारामनं बायकोला होडीतून म्हसोबापर्यंत नेलं आणि पुन्हा ओटी भरून घेतली. चिमणाबाई ओंजळभर पाणी प्यायली.

ती आता कोल्हापूरला दवाखान्यात आहे. जुलाब-उलट्यांनी सुरुवात झाली, मग किडनीवर आलं. मी भेटायला गेले. आमचं दोघींचं आयुष्यभर कधी पटलेलं नाही. मळ्याच्या वाटेवरून, चुलीवरून, शेणीवरून भांडलोय. ती नळ्या लावून पडली होती, माझा हात धरला आणि म्हणाली, "आक्का, पिताना मी डोळं मिटलं हुतं." खरं ठरल्याचा आनंद होतो म्हणतात, मला काही झाला नाही. मला एवढा राग आला होता की बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, पावणं, बरं वाटत न्हाय का.

गावात उतरले ती सरळ घरोघर गेले. ज्यांनी छावणीत तोंड फिरवलं त्यांच्याच दारात गेले. एवढंच विचारलं, तुमची सून तिथं असती तर प्यायला सांगितलं असतं का. कुणी हो म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका पाट्या-खोरी घेऊन निघाल्या. चिखल काढायला घरोघर खोरी होतीच.

कारखान्याचा पाइप ओढ्यात जिथं सुटतो तिथं गेलो. माणूस वाकून आत जाईल एवढा मोठा आहे. त्याच्या तोंडात दगड टाकायला सुरुवात केली. वॉचमन आला, मग मॅनेजर आला. चांगला माणूस आहे, सभ्य बोलतो. म्हणाला, "मावशी, हे बेकायदेशीर आहे. नदीची एवढी काळजी आहे तर पूजा करा, आमच्याकडून साडी-नारळ घेऊन जा."

मी म्हटलं, "साहेब, नदी आमची म्हायेरवाशीण हाय. आजारी म्हायेरवाशिणीची वटी भरून तिला वाटंला लावत न्हाईत. आदी तिला बरी करत्यात. ती बरी हुईस्तोवर ह्या गावात वटी न्हाय. तुमची साडी तुमच्या घरात द्या."

दगड टाकून टाकून आमचे हात गेले, पाइप काही भरेना. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. आकाराम होता, ट्रॉलीभर मुरूम घेऊन. मला वाटलं अडवायला आला. खाली उतरला, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "वैनी, कुठं टाकू सांगा."

मी जागा दाखवली. त्यानं टाकला. मग आणखी खेपा केल्या. दुपारपर्यंत पाइप बंद झाला होता. पाइपच्या तोंडाशी पाणी नाही, फक्त निळा चिखल.

ताई, मी हे सगळं तुम्हाला का लिहिते कोण जाणे. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून बरं वाटतं बहुतेक. मधेच कुणी टोकत नाही.

शालूबाई


कुरणवाडी, २१ ऑगस्ट

नंदिनीताई,

आता मात्र मी खरंच चिडलेय.

नारळी पौर्णिमेच्या उधाणात समुद्र तुमच्या अंगणात आला. बंधाऱ्यावरून लाट आत, पडवीत वाळू, माडाची दोन झाडं मुळासकट आडवी. हे मला कुणाकडून कळतंय? व्याही त्र्यंबकरावांनी ऋताला फोन केला, पोरगी रडायला लागली, तेव्हा. त्यांनी आणखी सांगितलं की विहीर खारी होऊन दोन वर्षं झाली. समुद्र दरवर्षी चढतोय आणि जमिनीखालून पाणी आत येतंय. त्याच पाण्यानं तुमचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी बाटलीशिवाय दुसरं पाणीच बंद केलं, म्हणून तुम्ही जिथं जाल तिथं बाटली नेता. आणि लेकीला कळू द्यायचं नाही अशी त्यांना ताकीद होती. कळलं तर ती बाळंतपणाला येणार नाही.

म्हणजे ती बाटली सोवळ्याची नव्हती. आजारपणाची होती. ताई, एक शब्द बोलायचा होता. "मला बाहेरचं पाणी चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय," एवढंच. पण नाही. माझ्यासमोर तुमच्या कोकणच्या विहिरीला खारी म्हणायची तुमची जीभ रेटली नाही. आणि मला कार्डावर लिहिता, निर्मळ पाणी. खाली रेघ मारून.

मी तुमचा वाईट अर्थ काढला. ते चुकलं. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेवा म्हणत नाही, पण नीट वाचा. मला सवय होती तो अर्थ मी काढला. आता तुमचं. पोरीला प्रेशर आहे, मीठ वर्ज्य आहे आणि तुम्ही तिला मिठाच्या विहिरीवर न्यायला निघाला होता. रीत म्हणून. मीही तिला विषाची ओंजळ प्यायला घेऊन गेले होते. रीत म्हणूनच. तेव्हा आपण दोघी एका माळेचे मणी आहोत आणि मला तुमच्यावर ओरडायचा तेवढाच हक्क आहे जेवढा तुम्हाला माझ्यावर.

म्हणून ओरडून झालं. आता व्यवहाराचं बोलू.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, बरोबर. आमची माळावरची वस्ती तुम्हाला आठवत असेल, लग्नात तुमचे पाहुणे उतरले होते ती. दोन खोल्या, पडवी, बाजूला विहीर. पुराचं पाणी तिथं कधी चढलेलं नाही, फक्त मधली वाट बुडते, म्हणून तर आम्ही छावणीत गेलो. कारखाना तिच्या खालच्या अंगाला आहे. सध्या अर्धं गाव त्याच विहिरीचं पाणी नेतं. विश्वजितनं खोल्यांना चुना काढलाय. दवाखाना कोल्हापुरात, गाडीनं जवळ. ती वस्ती मी तुम्हाला देते. भाड्यानं नाही, उसनी नाही. बाळ-बाळंतीण तिथं असेपर्यंत ते ऋताचं माहेर. चूल तुमची, किल्ली तुमची, काय शिजवायचं ते तुम्ही ठरवायचं. मी तिथं सासू म्हणून येणार नाही. विहीण म्हणून येईन, आधी विचारून येईन, आणि तुम्ही नको म्हणालात तर परत जाईन. हे शेवटचं मला जड जाईल, पण जाईन.

तुमचं घर समुद्रानं भिजवलं, माझं नदीनं. वाळू आणि चिखल काढायला पुरुष आहेत. त्र्यंबकरावांनाही आणा, नाहीतर ते एकटे तिथं पडवीत बसून भरतीच्या वेळा बघत राहतील.

पाइप अजून बंद आहे. मला नोटीस आलीय. विश्वजितनं वाचून दाखवली, मी ती फ्रीज होता तिथल्या खिळ्याला अडकवलीय.

घाटातून येताना ऋताची आठवण म्हणून रडत बसू नका, उलटी होते. लवकर या.

तुमची विहीण,
शालूबाई


ओढ्यावरून, १३ सप्टेंबर, सकाळ

नंदिनीताई,

डेअरीच्या पावतीच्या पाठीमागं लिहितेय, दुसरा कागद नाही. जोतीराम दुधाची गाडी घेऊन कोल्हापूरला निघालाय, तो दवाखान्यात तुमच्या हातात देईल. फोन करू शकले असते, आता तुम्ही उचलताही. पण इथं एवढा गलका आहे की काही ऐकू येणार नाही. आणि तुम्हाला लिहायची आता सवय झालीय.

विश्वजितचा निरोप मिळाला. कळा सुरू झाल्या, तुम्ही तिच्याजवळ आहात. तुम्ही आहात म्हणून मी इथं बसू शकते. गेले पंधरा दिवस माळावर तुम्ही जे केलंत ते मी बघितलंय. बिनमिठाची भाजी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर खाल्लीत. मला दोनदा दारातून परत पाठवलंत, तेही बघितलं. लेक झोपली होती म्हणून, हे मला नंतर कळलं.

आज भल्या सकाळी जेसीबी आला. पाइप मोकळा करायचा हुकूम आहे म्हणे, चौकशी होईपर्यंत. आम्ही मुरमाच्या ढिगावर बसलोय. गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका आहेत. चिमणाबाई दवाखान्यातून आलीय, तिला उन्हात बसवत नाही, तरी बसलीय. गड्यांना मागं ठेवलंय, त्यांना धरून न्यायला सोपं जातं. आकाराम ट्रॅक्टर आडवा लावून त्यात झोपल्याचं नाटक करतोय. लेडीज पोलीस यायच्या आहेत, त्या आल्या की आम्हाला उचलतील. उचलू देत. एकीला उचललं की दुसरी तिथं बसायची असं ठरलंय.

मी यायला पाहिजे हे मला कळतं. ऋता मला शोधेल. तिला सांगा की माझ्या जागी माझी सासू असती तर ती दवाखान्यात आली असती आणि पाइप चालू राहिला असता. तिच्या बाळाला या गावात, या नदीवर राहायचं आहे. कधीतरी कुणीतरी त्याच्या हातात ओंजळभर पाणी देईल, आणि पी म्हणेल.

मुलगा झाला किंवा मुलगी झाली, पहिल्यांदा तुम्हीच हातात घ्या. मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण चालेल.

आताच पोलिसांचे मोठे साहेब येऊन गेले. तरुण आहेत, समजावून सांगत होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाले, "मावशी, तुमची सून दवाखान्यात आहे म्हणे. नातवंडाचं तोंड बघायचं नाही का?"

मी म्हटलं, "बघायचंय की. म्हणूनच उठत न्हाय."

शालूबाई